शांताकाकूंचं कुंकू

रविवार, १९ जानेवारी

झालं एकदाचं. शांताकाकूनं सही केली.

आमच्या ओळीतली सहाही जुनी घरं पाडून शॉपिंग कॉम्प्लेक्स होणार, अन् आम्हाला सगळ्यांना तेलीबांध्याच्या मोठ्या बिल्डिंगीत फ्लॅट. पाच घरं तयार होती. काकू एकटीच अडून बसली होती. बिल्डरचा माणूस चारदा हात हलवत परत गेला, मग मीच म्हटलं, माझ्यावर सोडा.

काका गेल्यापासून अकरा वर्षांत तिले कोणी हळदीकुंकवाले बोलावलं नाही. मीही नाही. आज बोलावलं. सगळ्या बायकांसमोर कपाळाले कुंकू लावलं.

"मले चालते का वो?"

"काहून नाही चालणार, काकू?"

बायकांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या नाही. वाण दिलं, अन् बायका गेल्यावर कागद पुढे केला. वाचलाही नाही तिनं. डोळे पुसता पुसता हात कपाळाले लागला असेल, सहीजवळ कुंकवाचं बोट उमटलं.

कागद न्यायले आलेला बिल्डरचा माणूस म्हणे, "दीदी, ये लाल क्या लगा है?"

"शगुन है, भैया."

वाईट वाटायला पाहिजे होतं का मले? सारखं ते बोटच आठवून राहिलं.

सही करून जाताना दारात थांबून विचारलं होतं काकूनं, "पुढच्या वर्षीही बोलावशील ना?"

"हव, काकू."

तेलीबांध्याले शेजारणी नवीन असतील. पहिल्याच हळदीकुंकवाले त्यांच्यात विधवा कशी बोलावू?