गाडी निघाली आहे

दौंड, १० नोव्हेंबर २०२५

ती. म्हाळूमामांस,
भाची गौतमीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, म्हणून हे पत्र. साठीत ही विद्या कुणी शिकवली? सम्राटनंच शिकवली असणार. त्याची जखम भरत आली, असं आईकडून कळलं. बरं वाटलं.

मुद्द्याचं लिहिते. आमच्या रुग्णवाहिका सेवेचं नवं ड्रोन केंद्र शिरूरला सुरू होतंय, अठ्ठावीसला उद्घाटन. वरवंडला सम्राटच्या अपघाताचा फोन आला आणि चार मिनिटांत आमचा ड्रोन पोहोचला, त्याचं वरपर्यंत कौतुक झालंय. साहेबांची इच्छा आहे की तुमच्या लेकानं स्टेजवर येऊन, ड्रोनमुळे वाचलो, असे दोन शब्द बोलावेत. त्याला शाल देणार आहेत. गाडी पाठवू. माझी कायम नोकरीची ऑर्डर या कार्यक्रमावर अडली आहे, हेही लपवत नाही.

सोजरमामींना जय भीम. लोभ होता तसा राहू द्या.

तुमची गौतमी

वरवंड, १४ नोव्हेंबर

गौतमीस,
चि. लिहायला हात धजत नाही. नुसता जय भीम घे.

गाडी पाठवणार म्हणतेस. त्या दिवशी कुठं गेली होती गाडी? पोरगं सुट्टीला आलेलं, उसाची ट्रॉली मांडीवर उलटली. आठ जणांनी ट्रॉली उचलून त्याला बाहेर ओढलं. शेजारच्या आनंदरावानं जीप आणली, मागं गोधडी टाकली. आपल्याकडची रीतच ती, माणूस पडला की मिळेल त्या गाडीत घालायचा आणि दवाखाना गाठायचा. तेवढ्यात तुझं यंत्र डोक्यावर घोंगावत आलं. भोंग्यातून तू सांगितलंस की जखमीला हलवू नका, गाडी निघाली आहे, दहा मिनिटांत पोहोचेल.

दुसरं कुणी असतं तर मी ऐकलं नसतं. तुझा आवाज ओळखला आणि मीच आनंदरावाच्या अंगावर ओरडलो की आमची गौतमी बोलतीय, कुणी हात लावायचा न्हाई. त्याची जीप मी माघारी लावली.

गाडी येईपर्यंत पन्नास मिनिटं तू वरून बघत होतीस आणि आम्ही खालून तुझ्याकडं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर पाय राहिला असता. सणसवाडीच्या कंपनीनं त्याला घरी बसवलंय. शाल कशावर पांघरणार, रिकाम्या विजारीवर?

दहा मिनिटं कुठून काढलीस, तेवढं कळव. लोभाचं मग बघू.

म्हाळू

दौंड, १९ नोव्हेंबर

ती. मामांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र वाचून मला रागच आला. मणक्याला मार असेल तर माणूस हलवायचा नाही, हा नियम आहे आणि तो मी केलेला नाही. जीप तुम्ही परतवलीत, मी नाही. एवढं लिहून झालं, पण दोन दिवस पाकीट चिकटवता आलं नाही.

आता खरं लिहिते. गाडी निघालेलीच नव्हती. दोन्ही गाड्या हायवेवरच्या दुसऱ्या अपघातात अडकल्या होत्या, हे मला स्क्रीनवर दिसत होतं. लोक घाबरू नयेत म्हणून आम्हाला वाक्य छापून दिलंय, ते मी वाचलं. मला जीप दिसली होती, मामा. गोधडीसुद्धा दिसली. घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं. नियम मोडला तर नोकरी जाईल, म्हणून म्हटलं नाही.

लोभ मागायची लाज वाटते.

गौतमी

वरवंड, २३ नोव्हेंबर

गौतमीस,
जय भीम.

तुझं पत्र सम्राटनं घरात मोठ्यानं वाचलं. त्यानंतर कुणी जेवलं नाही.

आम्ही शिरूरला येतोय. तुमची गाडी नको, आनंदराव जीप काढणार आहे. त्याची माफी मागायला गेलो तर तो माझ्याआधी रडला.

तुझं पत्र सोबत परत धाडलंय. स्टेजवर सम्राट बोलणार नाही, तू बोलायचंस. माईकवर हेच वाच, त्या दिवशी भोंग्यातून बोललीस तसंच खणखणीत. ऑर्डर मिळेल न मिळेल, ते तू बघ. वाचलंस तर जेवायला घरी ये, नाही वाचलंस तर आमचा उंबरा विसर.

मी पहिल्या रांगेत बसतो. तुझा आवाज मला ओळखू येतो.

म्हाळू