पाच वाजून गेल्यावर

४ फेब्रुवारी

माफ कर गं वही. एकवीस दिवस तुला हात लावला नाही. सूनबाईनं तुला आणून दिलं तेव्हा म्हणाली होती, "बाबा, भिंतीशी पुटपुटण्यापेक्षा इथं लिहीत जा." रोज लिहीन म्हणालो. लिहिण्यासारखंच काही नव्हतं. आता आहे, तर लिहायची भीती वाटते.

आज भोंगा एक मिनिट उशिरा दिला. मुद्दाम!

एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्याचा भोंगा माझ्या हातात आहे. आठला साखळी ओढायची, माणसं आत. पाचला ओढायची, माणसं बाहेर. ताप असताना ओढली. बायको गेली, त्याच्या पाचव्या दिवशी ओढली. कधी मिनिटाचा फरक नाही. आणि आज ही काय अवदसा आठवली?

५ फेब्रुवारी

खरं कारण लिहितो. वाचतंय कोण!

भोंग्याच्या खोलीची खिडकी कारखान्यामागच्या उतारावर उघडते. तिथं एक बाई शेळ्या चारते. साठीची असेल. मी अडुसष्ट. महिन्यापूर्वी तिनं पहिली हाक मारली ती भांडायलाच — "अहो भोंगेवाले! तुमच्या बोंबलण्यानं माझी गाभण शेळी दचकते. जरा हळू वाजवा की!"

"हळू वाजत नाही. एकच आवाज आहे त्याला."

"म्हणजे आमच्या मालकांसारखंच," म्हणाली. "ते गेले बिचारे, पण शेवटपर्यंत पट्टी काही उतरली नाही." आणि अशी हसली की मलाही हसू फुटलं. किती दिवसांनी!

तेव्हापासून रोज बोलतो. मी खिडकीत, ती खाली. शेळ्यांचं, पाठदुखीचं, वाऱ्याचं. पण पाचचा भोंगा झाला की काठी उचलते आणि चालू लागते. साखळी मीच ओढायची आणि मीच तिला घालवायची! म्हणून काल ते एक मिनिट.

७ फेब्रुवारी

चार मिनिटं.

१० फेब्रुवारी

सात. जेवताना मुलगा म्हणाला, "आज दिवस सरता सरत नव्हता." तो साबण कापायच्या खात्यात मुकादम आहे. तीनशे माणसांची सात सात मिनिटं चोरतोय मी! कुणाची बस चुकली असेल, कुणाचं पोर दारात उभं असेल. छातीत काहीतरी होतं. ते चोरीमुळे की दुसऱ्या कशामुळे, कळत नाही.

उद्यापासून बंद.

११ फेब्रुवारी

नऊ मिनिटं.

काय करू? ती सांगत होती, पोट बिघडलं की शेळी बाकी सगळा पाला सोडून एका कडू झुडपाकडेच जाते. मी विचारलं, "तिला कुणी शिकवलं?"

"पोटानं. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"चौथीपर्यंत मास्तरांनी. पुढं भोंग्यानं."

"अरेरे," म्हणाली.

१५ फेब्रुवारी

आज झोप लागायची नाही. भीतीनं नव्हे!

पावणेपाचला खालून हाक आली — "अहो, या लवकर! अडलीय!" ती गाभण शेळी बॉयलरच्या उबदार भिंतीला टेकली होती. मी एकतीस वर्षांत पाचच्या आधी खोली सोडलेली नाही. आज जिना कधी उतरलो, आठवत नाही. "डोकं धरा तिचं. बोलत राहा तिच्याशी." काय बोलू? बोललो आपला — "होईल बाई, होईल, सगळं नीट होईल." मी, ज्याला साधी शिंक आली तरी घोर लागतो, तो दुसऱ्याला धीर देत होतो!

पहिलं करडू आलं, मग दुसरं. दुसरं हलेना. ती म्हणाली, "चोळा! जोरात!" मी सदऱ्यानं चोळलं, चोळलं आणि ते शिंकलं! माझ्या तोंडावरच! ती टाळ्या वाजवू लागली. मी रडत होतो.

मग घड्याळाकडे लक्ष गेलं. पाच वाजून सव्वीस मिनिटं.

करडू तसंच काखेत घेऊन धावलो. वर भोंग्याच्या खोलीच्या दारात मोठे साहेब आणि माझा मुलगा उभे. खाली यंत्रं चालूच. वही, हे मला अजून पटत नाही — तीनशे माणसं, प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ, आणि एकही जागचा हलला नव्हता! भोंगा नाही म्हणजे पाच वाजलेच नाहीत.

मुलगा म्हणाला, "बाबा, हातात काय आहे?"

"करडू आहे. सर बाजूला."

साखळी ओढली. फाटकात जाऊन उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, माझ्यामुळे उशीर झाला, गेले दहा-बारा दिवस होतोय, मला बोला. एकानं शिवी हासडली, बरोबरच होतं. पण एक म्हातारी पॅकिंगवाली करडाला बघून म्हणाली, "अगं बाई, नाळ ओलीच आहे की!" मग सगळा घोळका मागच्या उतारावर. घरी जायची घाई असलेली माणसं गवतात बसली. कुणी चपला काढल्या. ऊन होतं अजून. कारखान्यामागे ऊन असतं हे बहुतेकांना माहीतच नव्हतं.

साहेब म्हणाले, एक तारखेपासून विजेचा भोंगा, आपोआप वाजेल. तुम्ही आता आराम करा.

घरी मुलगा एकदाचा फुटला, "या वयात, बाबा?" सूनबाई पोळी लाटता लाटता म्हणाली, "मग कोणत्या वयात? आधी तर त्यांना वेळच नव्हता." आणि मला म्हणाली, "आधी अंघोळ करा. पण हसणं नका धुऊन टाकू."

२० फेब्रुवारी

उतारावरचा चारा संपला. ती उद्या शेळ्या घेऊन टेकडीपलीकडे बहिणीच्या शेतावर जाणार. मी माझी चोरी तिला सांगून टाकली — भोंग्यानं तुम्ही उठता म्हणून उशिरा द्यायचो.

पोट धरून हसली. "मला घरी जायला भोंगा कशाला? सावली बघते की मी! शेळ्यांचं पोट तर चारलाच भरायचं. तुमची खिडकी पाचला मिटायची, म्हणून थांबायचे."

मग काठीनं माती उकरत म्हणाली, "तिकडं खोली मोठी आहे. येता?"

आणि मी म्हणालो, "विचारून सांगतो."

विचारून! कुणाला? गाढव! गाढव! ती मान हलवून गेलीसुद्धा.

१ मार्च

आठला तो नवा भोंगा आपोआप वाजला. मी अंथरुणातच होतो.

हे पान वहीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. फाडून मुलाकडे देतोय. त्यानं स्वतःहून रजा घेऊन सायकल काढलीय, तोच तुम्हाला वाचून दाखवील. त्याला लाज वाटेल, वाटू द्या. कुणालाही विचारलेलं नाही. मी येतो. खोली लहान असली तरी येतो. फक्त तुमचं विचारणं अजून कायम आहे का, तेवढं त्याच्याजवळ सांगून पाठवा. लवकर पाठवा हो. मी घराच्या फाटकापाशीच उभा आहे.