नदीपलीकडची आजी

लिस्बन, सोमवार, ४ ऑगस्ट १९८०

ती. एर्मीनियाताईस,
धाकट्या देओलिंदाचा सा. न. वि. वि.

तर आधी आली ती बाबागाडी, तीही ग्रासिंदाच्या डोक्यावर. शेजारची ग्रासिंदा मासळी विकून परत येत होती. पायऱ्यांखाली तिला आपला अबिलियो दिसला, लक्झेंबर्गहून आलेला, बायकोपोरांसकट घामाघूम. नव्वद पायऱ्या नि चाकांची गाडी! तिने रिकामी टोपली त्याच्या हातात दिली आणि गाडी स्वतःच्या डोक्यावर घेतली. मला खिडकीतून आधी चाकं दिसली, मग ग्रासिंदा, मग माझा मुलगा, सात वर्षांनी. मी तव्यावरचे बांगडे विसरले. जळले.

सूनबाई जोसेत शांत आहे; तिला नि पोरांना आपली भाषा येत नाही, सगळं अबिलियोमार्फत. फाब्रीस सहा वर्षांचा, दिवसभर खिडकीत बसून ट्राम मोजतो. धाकटी सोलांज चार वर्षांची, जर्दाळूसारखे गाल. पण ताई, ती मला बघून किंचाळते गं. तिच्या चित्रांच्या पुस्तकात काळ्या कपड्यांतली एक चेटकीण आहे, मुलं पळवणारी. झेफिरिनो गेल्यापासून नऊ वर्षं मी नखशिखांत काळी. आपल्याकडे विधवा दुसरं काय घालते? तिथे म्हणे असं कोणी घालत नाही. मी भाकर पुढे केली तर ती टेबलाखाली जाते. काल अबिलियो खाली मान घालून म्हणाला की असंच चाललं तर उरलेले दिवस हॉटेलात काढू, आणि पुढच्या सुट्टीत जोसेतच्या आईकडेच जाऊ. मी भांडी घासली.

कपाट उघडून पाहिलं. एप्रनसुद्धा काळा. काय करू सांग.

तुझी माया आहे तेवढी पुरते, पण या आठवड्यात जरा जास्त लागेल.
देओलिंदा

सेर्पा, शुक्रवार, ८ ऑगस्ट

चि. देओलिंदास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

बांगडे जाळणं तुझं लहानपणापासूनचं. असो.

एक कबुली द्यायची आहे, रागावू नकोस. झेफिरिनो गेला तेव्हा माझ्या अंगणात चुलीवर काळ्या रंगाचं घंगाळ चढवलं होतं आणि तू रडत रडत एकेक कपडा त्यात टाकत होतीस. तुझा तो निळा झगा मी मधल्यामध्ये उचलला. मला तो बुडवणं जमेना. नऊ वर्षं माझ्या पेटीत लव्हेंडरच्या काड्यांत ठेवलाय. बसवाल्याबरोबर पाठवते, घाल.

गाव काय म्हणेल ते गावात मी ऐकून घेईन. आणि झेफिरिनोची काळजी करू नकोस. वर जायची पाळी माझी आधी आहे, मी त्याला नीट समजावून सांगेन. पोरगी हसली की कळव. माझे गुडघे गुडघ्यांसारखेच आहेत.

आठवण ठेव, मी ठेवतेच.
एर्मीनिया

लिस्बन, रविवार, २४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झगा काखेत घट्ट झाला. जोसेतने न विचारता सुई घेतली, शिवण उसवली आणि माझ्याशेजारी बसून सैल करून दिला. तेवढ्यात आमची गट्टी जमली, एक शब्द न बोलता. ग्रासिंदाने पायऱ्यांवरून विचारलंच, म्हातारे, लग्न कुणाशी ठरलं म्हणून. मी म्हटलं, ठरलं तरी तुला आमंत्रण नाही.

गच्चीवर चादरी वाळत होत्या. वारा नदीवरून यायचा नि त्या फुगायच्या, सगळी गच्चीच आता हलते की काय असं वाटायचं. दोन चादरींमधून सोलांज आली. माझ्या झग्याची बटणं एकेक करून चाचपली. मग बापाला काहीतरी विचारलं. अबिलियो हसेना, रडेना. म्हणाला, "ती विचारतेय, काळी आजी कुठे गेली?"

मी सांगून टाकलं, नदीपलीकडे.

दुसऱ्या दिवशी नदी ओलांडायला बोटीत बसलो. पाणी दुधासारखं, शहर मागे मागे विरघळत चाललेलं, आम्ही हलतोय की घरं तेच कळेना. सोलांज माझ्या मांडीवर. हो ताई, मांडीवर, माझा अंगठा घट्ट धरून. ती पलीकडच्या काठाकडे बघत हात हलवत होती. कोण दिसतंय, मी अबिलियोला विचारायला लावलं. तर म्हणते, "काळी आजी तिथे एकटी आहे. तिलाही घरी आणा."

जोसेतने माझ्या हातावर हात ठेवला.

काल स्टेशनावर अबिलियोने स्वतःहून सांगितलं की नाताळ इथेच, जोसेतची आई या वेळी थांबेल. गाडी हलताना सोलांज खिडकीतून ओरडून बजावत होती की पुढच्या वेळी दोघी आज्या हव्यात. मी मान डोलावून बसले.

म्हणून ऐक. तू सेर्पा कधी सोडलं नाहीस, ठाऊक आहे. गुडघ्यांचंही ठाऊक आहे. पायऱ्यांवरून ग्रासिंदा आणि अबिलियो तुला खुर्चीत बसवून वर आणतील, मी बोलून ठेवलंय. तूही माझ्यासारखीच काळ्या कपड्यांत असतेस; निळी मी आहे, काळी आजी म्हणून तू ये. नाताळला ते येतील त्याच दिवशीच्या बसने निघ.

इतकी वर्षं जीव लावलास, आता जरा पायही उचल.
देओलिंदा

त्यांची गाडी मंगळवारी, २३ डिसेंबरला, सकाळी येते.