पूर्णकुंभाशी वैर

शनिवार, ४ जानेवारी

सर्वप्रथम बाकाचा निषेध. महामार्गावरच्या चार्जिंग स्टेशनवर प्रवाशांच्या विश्रांतीसाठी एकच सिमेंटचा बाक आहे, आणि त्याचं तोंड भिंतीकडे आहे. समोर भिंत, पाठीमागे आपली गाडी. गाडीत वीज किती भरली हे पाहायचं तर घुबडासारखी मान फिरवायची! ज्या महाभागानं हा बाक बसवला त्याला जन्मभर त्याच बाकावर बसवावं आणि भिंतीला आठवड्याला नवा भडक रंग द्यावा, एवढीच माझी नम्र मागणी.

आता खरं दुखणं. मशिनं दोन. एक बंद — त्यावर ‘दुरुस्ती चालू आहे’ असा कागद, ऊन खाऊन पिवळा पडलेला. दुसऱ्याला एक पांढरी गाडी जोडलेली, पडद्यावर त्र्याऐंशी टक्के, मालक बेपत्ता. या मशिनांची घाई ऐंशीपर्यंतच. पुढे वीज सलाइनसारखी थेंब थेंब उतरते. म्हणून रीत अशी की ऐंशी झाले की गाडी काढायची, पुढच्याला जागा द्यायची; लांब जाणार असलात तर काचेमागे फोन नंबर ठेवायचा. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. हा पाळत नाही. नंबरही नाही!

शेवटी आला पलीकडच्या हॉटेलातून, दात कोरत. माझ्याच वयाचा. केस माझ्यापेक्षा पांढरे.

“अहो, ऐंशी केव्हाच झाले,” मी म्हटलं.

“काका, शंभर झाल्याशिवाय मी हलत नाही. तत्त्व आहे आपलं.”

काका! मी!

त्याच्या तत्त्वापायी ताईकडे पोचलो तेव्हा तिचं जेवण झालेलं. आता ताई फक्त सकाळी ताई असते. जेवून उठली की डोक्यात धुकं उतरतं. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, शब्दरूपं पाठ करून घेतली, चुकलो की कान पिळला, ती माझी थोरली बहीण खुर्चीतून उठून उभी राहिली. “बसा ना. आपण कोणाकडे आलात?”

मला, आपण.

आठवड्यातून एक शनिवार मिळतो. तो या माणसानं दात कोरत खाल्ला.

रविवार, ५ जानेवारी

सूड घ्यायचा. सात्त्विक, अहिंसक, शाकाहारी — पण सूड!

शनिवार, ११ जानेवारी

लवकर निघालो. तरी तो आधीच हजर! म्हणजे दर शनिवारी याचीही हीच वाट. पडद्यावर सत्त्याऐंशी. मी घरूनच चिठ्ठी टाइप करून नेली होती — ‘महोदय, आपल्या वाहनाची क्षुधा शांत झाली असल्यास इतर क्षुधितांचा विचार व्हावा.’ वायपरखाली खोचली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

त्यानं ती वाचली. सावकाश, ओठ हलवत. मग त्याच कागदानं काचेवरची पक्ष्याची घाण पुसली आणि कागद मला परत आणून दिला. “थँक्यू काका. कागद जाड आहे, छान पुसलं गेलं.”

जेवणाच्या जेमतेम आधी पोचलो. ताई खिडकीशी. माझा राग इतका ताजा होता की चपला काढता काढताच सांगायला लागलो. ती नुसती ‘हं, हं’ करत होती, कोणा परक्याचं ऐकून घ्यावं तशी. पुसण्यापाशी आलो आणि ती हसली! खांदे हलेपर्यंत हसली. तिला सांभाळणाऱ्या मावशी स्वयंपाकघरातून पळत आल्या.

“आणि तू काय केलंस?” ताई म्हणाली. “कागद घेऊन परत आलास? लहानपणापासून असाच मऊ तू!”

तू!

“शंभर भरल्याशिवाय हलत नाही म्हणे. पूर्णकुंभच की मेला! सोडू नकोस त्याला.”

नाही सोडणार.

सोमवार, १३ जानेवारी

पूर्णकुंभावर स्फुट लिहितो म्हणून आमच्या वर्तमानपत्राच्या संपादकांकडे गेलो. म्हणाले, “नगरपालिकेच्या सभेचा वृत्तांत कुठाय? वैयक्तिक वैर आपण छापत नाही.” हे वैर सार्वजनिक आहे, म्हटलं, सबंध महामार्गाच्या वतीनं आहे. ऐकलं नाही.

बायकोला घरी सांगितलं. तिचं म्हणणं, “त्या माणसाचा जेवढा विचार करता तेवढा लग्नाच्या वेळी माझा केला होतात का?”

डोक्यात योजना शिजत होती.

शनिवार, १८ जानेवारी

जमलं!!

उजाडायच्या आत निघालो. मशीन मोकळं. गाडी लावली. ऐंशी झाले — काढली नाही. रांगेत कोणीच नव्हतं, तेव्हा पाप नाही. थेंब थेंब पडू दिलं. आणि आला! पूर्णकुंभ, रिकामा! त्याची गाडी अगदी टेकीला आलेली. पुढे जाणं शक्य नाही, मागे फिरणं शक्य नाही.

“काका, ऐंशी झाले की.”

“शंभर झाल्याशिवाय हलत नाही. तत्त्व आहे आपलं.”

त्याचा चेहरा! बाकावर जाऊन बसला, भिंतीकडे तोंड करून. बाक बसवणाऱ्याला मी त्या क्षणी क्षमा केली. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव... इतकी गोड वीज मी जन्मात भरली नाही.

मग घड्याळ पाहिलं. सूड घेण्याच्या नादात ताईची सकाळ मीच खाल्ली होती.

खोलीत शिरलो तेव्हा जेवणाचं ताट उचललेलं. ‘आपण कोण’ ऐकायची तयारी ठेवून उभा राहिलो. तिनं मला न्याहाळलं. ओळख नाही. मग म्हणाली, “आपण ते चार्जिंगवाले ना? त्या पूर्णकुंभाचं काय झालं?”

सांगितलं. बाक, भिंत, चेहरा, सगळं. ‘तत्त्व आहे आपलं’ म्हटल्यावर तिनं टाळी दिली. “शाब्बास रे! आता शोभलास माझा भाऊ!”

भर दुपारी! जेवणानंतर!

निघताना मावशी दाराशी म्हणाल्या, “आठवडाभर त्याच गाडीवाल्याला शिव्या देत असतात. माझं नाव रोज नव्यानं विचारतात, पण तो काही विसरत नाही.”

शनिवार, २५ जानेवारी

ताईचा आदेश होता, “भांडू नकोस. त्याला लाजव.” मुख्याध्यापिका होती, वर्गच्या वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करायची.

घडीची खुर्ची घेऊन गेलो. तो आज पहिला, आणि गाडीतच बसलेला, काचा वर करून. मी खुर्ची त्याच्या बॉनेटसमोर मांडली, चष्मा लावला. पडद्यावर आकडा बदलला की मोठ्यानं वाचायचा, बस्स.

“एक्क्याऐंशी.”

त्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

“ब्याऐंशी.”

माझ्यामागच्या टॅक्सीवाल्याला आधी वाटलं, म्हातारा सटकला. मग त्याला कळलं. चौऱ्याऐंशीला तो माझ्या सुरात सूर मिळवायला लागला. नव्वदपर्यंत त्याच्या टॅक्सीतलं अख्खं कुटुंब खाली उतरून पाढे म्हटल्यासारखं ओरडत होतं. ब्याण्णवला पूर्णकुंभ उतरला, चार्जिंगची गन गाडीतून काढली, कोणाकडेही न बघता गेला. खडी उडवत!

ताईला आकडे म्हणून दाखवले. तीही म्हणायला लागली, हातानं ताल धरून. एकही आकडा चुकला नाही. “अरे, मला न्यायचंस ना! मी पुढच्या रांगेत बसले असते!”

दिवसभर तू-तू चाललं होतं. गाडी चालवताना मी एकटाच हसत होतो.

आता पुढचा घाव. असा घालायचा की त्यानं हा रस्ता सोडला पाहिजे!

शनिवार, १ फेब्रुवारी

सत्यानाश झाला.

ते बंद मशीन सुरू झालं. पिवळा कागद गायब. दोन गाड्या एका वेळी, रांग नाही, वाट पाहणं नाही. पूर्णकुंभ आधीच दुसऱ्या मशिनवर. मी खुर्ची काढेपर्यंत त्याचे ऐंशी झाले — आणि त्यानं गन काढली! आपणहून! गाडी बाजूला घेतली, काचेमागे नंबराचं कार्ड ठेवलं आणि हात पुढे करून माझ्याकडे आला.

“चुकलं माझं, काका. मुलीला सगळं सांगितलं, तर ती तुमच्या बाजूची निघाली. म्हणाली, बाबा, शोभतं का तुम्हाला?”

माणसानं असं ऐन रंगात येऊन माफी मागावी? याला लाज नाही! वर चहा घ्या म्हणाला. घेतला. शत्रूचा चहा. चांगला होता, हे तर फारच वाईट.

ताईकडे कधी नव्हे इतक्या लवकर पोचलो. तह झाला म्हणून सांगितलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गेल्या शनिवारचं पुढचं लिहिलं नव्हतं. लख्ख सकाळ होती, तिची चांगली वेळ. तह ऐकून ताई “बरं झालं” म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. जरा वेळानं माझ्याकडे वळून, अगदी अदबीनं — “आपलं काय काम होतं?”

उद्या पुन्हा शनिवार. वाटेत कोणी अडवणार नाही, वेळेवर पोचेन. तिला काय सांगू? सांगायला भांडण नसेल तर ती मला ओळखणार नाही, याची मला भीती वाटते.