गाडी तीच होती

रविवार, संध्याकाळ. चिक्कडपल्ली, हैदराबाद.

डोकं अजून तापलेलंच आहे. दुपारी जेवता जेवता टीव्हीवर गाड्यांची रेस पाहिली. माझा जांभळ्या हेल्मेटवाला नववा आला आणि धाकटे दीर, निरंजनभावोजी, लगेच म्हणाले, "वहिनी, तुमच्या ड्रायव्हरमध्ये दमच नाही." त्यांचा लाडका मागच्या रेसमध्ये मागे पडला, तेव्हा मात्र गाडी भंगार होती. जिंकला की ड्रायव्हर, हरला की गाडी. हा कुठला न्याय? मी म्हणाले, माझ्यावाल्याच्या टीमचा दुसरा ड्रायव्हर बघा. गाडी तीच, आणि तो शेवटून दुसरा. त्यावर उत्तर काय, तर "वहिनी, लाइट घ्या."

इथल्या 'लाइट लो'चं, म्हणजे मनावर न घेण्याचं, हे भावोजींचं मराठी. लग्न होऊन पुण्याहून नवीन आले तेव्हा हे ऐकून मी खरंच टॉर्च उचलला होता.

पण का घ्यायचं लाइट? नववा आला तर आला, माझं मत तेच. आणि हेच भावोजी मी केलेलं बघारे बैंगन तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणतात, "वांगी कोवळी मिळाली बरं का." म्हणजे चांगलं झालं की वांगी, आणि खारट झालं की वहिनी?

पळी हातात तशीच धरून मी सांगितलं, "गेल्या रविवारी याच भाजीवाल्याची वांगी तुम्ही केली होती, भावोजी. अर्धं पातेलं उरलं. गाडी तीच होती."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. भावोजींनी पुन्हा पातेल्याकडे हात नेला.

मग मीच म्हणाले, "लाइट घ्या," आणि पातेलं माझ्याकडे ओढलं.