तिसऱ्या गाण्याला थांबलेला बँड

ती. दादास,

मी सुखरूप आहे, हे आधी वाच.

१. शनिवारी मैदानावर एका बँडचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांची लोखंडी गॅलरी तपासून सकाळी मीच सही केली होती.
२. तिसऱ्या गाण्याला लोक तालावर उड्या मारू लागले आणि गॅलरी हलू लागली.
३. मी धावत जाऊन ड्रमवाल्याला दोन्ही हातांनी थांबायची खूण केली. त्याने तत्काळ काठ्या खाली ठेवल्या.

गायिका म्हणाली, "मंडळी, आता अंगाई. सावकाश खाली उतरा, घाई करणाऱ्याला गाणं नाही!" शेवटचा माणूस उतरेपर्यंत ती वाद्यांशिवाय गात राहिली. कोणाला खरचटलंही नाही.

नंतर पाहिलं, तर एक बोल्ट बोटांनी फिरत होता. सकाळी मी पाना न लावताच तो घट्ट आहे असं धरलं होतं.

तुझ्या ड्रमला आयुष्यभर नावं ठेवली. आता मी एका बँडची चाहती झाले आहे, हस हवं तर. आईला एवढंच सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

साहेब म्हणतात, "अगं, बँडने लोकांना चिथावलं असं लिही आणि मोकळी हो." ते मला जमणार नाही. वीस तारखेच्या अहवालात मी माझी चूक लिहिणार आहे.

नोकरी गेली तर काही महिने तुझ्याकडे राहायला येऊ का? अठरा तारखेपर्यंत कळव.

तुझी धाकटी