ठिगळ लावलेलं विमान

ओटर नॅरोज, मॅनिटोबा
जुलैचा शेवटचा रविवार, १९७९

प्रिय ॲलिस्टरदादास,

नेटीचा सप्रेम नमस्कार. तू आणि कॅथलीनवहिनी टोरांटोच्या उकाड्यातही खुशाल असाल अशी आशा करते. वहिनीचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती जिना टाळते ना? (टाळत नसणार. मी तिला ओळखते.) इकडे माणसं मजेत आहेत आणि डास त्याहून मजेत आहेत. बाबांची तब्येत ठणठणीत. ऐंशीव्या वर्षी माणसाची तब्येत इतकी ठणठणीत असली की ती घरच्या बाकीच्यांना सोसत नाही, हे पुढे वाचशील तसं लक्षात येईल.

परवा फोनवर मी तुला एवढंच म्हणाले की बाबांचं विमान वाळूत रुतलं होतं, आता निघालंय, काळजी करू नकोस. त्यावर तू इतके प्रश्न विचारलेस की मला लाइन खराब झाल्याचं नाटक करावं लागलं. (लाइन उत्तम होती. तू 'ऐंशी वर्षांचा म्हातारा' असं जे ओरडलास ते बाबांना खोलीच्या त्या टोकाला ऐकू गेलं.) तेव्हा आता सगळं नीट, क्रमाने सांगते.

सुरुवात हलिना बोयचुकपासून झाली, जशी या गावात प्रत्येक गोष्टीची होते. धक्क्यावरची खानावळ चालवून तिचा वेळ उरतो, आणि हलिनाचा उरलेला वेळ हे गावावरचं संकट आहे. वसंतात बर्फ फुटल्यावर तिने सभा बोलावली आणि भाषण केलं, की आपल्या गावात एक थोर माणूस झाला, उत्तरेकडच्या तळ्यांवर पहिलं विमान त्याने उतरवलं, टपाल नेलं, आजारी माणसं आणली, आणि विशेष म्हणजे तो अजून जिवंत आहे, तेव्हा घाई केली पाहिजे. थोर माणूस पहिल्या रांगेत बसून पाय खाजवत होता. मासे ठेवायचं जुनं बर्फघर साफ करून तिथे 'लॅकलन पेट्री स्मृतिसंग्रहालय' काढायचं ठरलं. मला चिटणीस केलं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मी नाही म्हणायला फार वेळ लावते. बाबांनी एकच हरकत घेतली. म्हणाले, "स्मृती कसली? आधी मला विसरा तरी."

हे चाललं असतानाच शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाचं पत्र आलं, की असं नॉर्समन विमान आता फारसं कुठे उरलेलं नाही, ते आम्हाला द्या, आम्ही ते मधल्या दालनात छताला टांगू. हलिनाने दोन दिवस कुणाला धड जेवायला वाढलं नाही. बाबांनी पत्र शांतपणे वाचलं आणि मला उत्तर लिहायला सांगितलं, की विमानाबरोबर वैमानिकही टांगता का, की त्याची सोय आम्हीच करायची. मी ते उत्तर जरा सौम्य करून पाठवलं. मग त्यांचा माणूस विमान बघायला आला.

त्याचं नाव कथबर्ट एन्सली. वाईट माणूस मुळीच नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे तुला त्याची दया येणार आहे. उंच, किडकिडीत, आणि डोक्यावर जाळी सोडलेली टोपी. डासांना तो इतका भिऊन होता की हलिनाचं बीटचं सूप त्याने जाळीतूनच प्यायलं. (जाळीला आलेला रंग अजून गेलेला नाही.) पण विमानापाशी आला आणि वेगळाच झाला. आपल्या धक्क्याला, होडीसारख्या त्या दोन फ्लोटवर ते नेहमीसारखं डुलत होतं. त्याने त्याच्या अंगावरून असा हात फिरवला की मला एकदम आईची आठवण आली, ती घोड्याला थोपटायची तशी. एकेक खिळा बघत तो आत शिरला आणि थोड्या वेळाने आतून म्हणाला, "मिस्टर पेट्री, इथे जमिनीला हे काय शिवलंय?"

ते मूसचं, आपल्या रानातल्या त्या थोराड हरणाचं, कातडं. तुला आठवत असेल, लहानपणी आपण त्यावर बसायला भांडायचो. एन्सली म्हणाला की विमान कारखान्यातून निघालं तसं दिसायला हवं, तेव्हा हे काढावं लागेल. इतका वेळ ते गमतीत होते, त्याला उगाच चुकीची अवजारं देत होते, ते थांबलं. मग म्हणाले, "ते ठिगळ माझं नाही. जिचं आहे तिला विचारा."

जिचं आहे ती, म्हणजे फिलोमीन मावशी, तेवढ्यात आपल्या होडीतून धक्क्याला लागतच होती. शुक्रवार होता, आणि तिचा नवरा आयझाया बियर्डी वारल्यापासून ती दर शुक्रवारी खाडीपलीकडून बाबांना मासे आणून देते. (बाबांच्या दारापुढे अख्खं तळं आहे आणि त्यांच्याकडे तीन जाळी आहेत. याचा मी तेव्हा विचार करायला हवा होता.) तिने एन्सलीची टोपी पाहिली, हलिनाने भिंतीला टेकवून ठेवलेला नवा फलक पाहिला, आणि मला तो मोठ्याने वाचायला लावला. 'हिमवादळात औषधे घेऊन निघालेल्या पेट्री यांनी प्राणांची पर्वा न करता उत्तरेची वाट शोधून काढली.'

"पेट्री," ती म्हणाली, "तू यांना गाय सांगितली नाहीस?"

"कुणी विचारलीच नाही."

"औषधं कुठली? मिशनच्या इस्पितळासाठी गाय नेत होता हा. आणि वाट याने शोधली हे खरं आहे, पण ती आमच्या घराची. तीही चुलीचा धूर दिसला म्हणून."

"वारा आडवा होता, फिलोमीन."

"तुझा वारा नेहमीच आडवा असतो."

मग सगळं निघालं. धुक्यात बाबा पार रस्ता चुकले होते, गाय घाबरली, तिचा खूर विमानाच्या जमिनीतून आरपार खाली गेला आणि ती तसाच एक पाय बाहेर सोडून आकाशातून आली. फिलोमीन मावशी तेव्हा नवी सून. सासरा म्हणाला, देवदूत येतोय. ती म्हणाली, देवदूताला खूर नसतो. त्या लोकांनी गायीचा पाय सोडवला, बाबांना आठवडाभर जेवू घातलं, आणि मावशीने ते भोक मूसच्या कातड्याने शिवून बुजवलं. परतीची वाट आयझायाने स्वतः विमानात बसून दाखवली. त्यानंतरचं तुला माहीत आहेच, की एकही हिवाळा असा गेला नाही की बाबा तिकडे पीठ आणि चहा घेऊन उतरले नाहीत, आणि त्यांच्या थोरल्याचं आंत्रपुच्छ फुटलं तेव्हा कसल्या हवेत उडाले ते. हलिना खाली बसली होती. तिने फलक स्वतःच्या हाताने रंगवला होता.

एन्सलीने मोठ्या अदबीने मावशीला विचारलं, की ठिगळ काढलं तर तिची हरकत आहे का. "काढा की," ती म्हणाली, "टाके माझे आहेत. सुटले तर न्या." तो बिचारा गुडघ्यावर बसून बराच वेळ ओढत होता. नाही सुटले. मग त्याने, माझ्या मते केवळ विषय बदलायला, विचारलं की इंजिन अजून चालतं का. दादा, हा प्रश्न त्याने विचारायला नको होता.

बाबा आत चढले. एन्सली आत होताच. मावशी माशांची टोपली घेऊन चढली, म्हणाली, मला पलीकडे जायचंच आहे. आणि धक्क्याचा दोर कुणी सोडला यावर गावात अजून वाद चालू असला, तरी मी उभी होते, मी पाहिलं: दोर मावशीने सोडला. तिची होडी मात्र इथेच बांधलेली राहिली. इंजिन असं गरजलं की बर्फघराच्या छपरावरची सीगल पाखरं उडाली आणि तीन दिवस परतली नाहीत. विमान उडालं नाही, हे तुला कुणीही विचारलं तर ठामपणे सांग. बाबांचा परवाना केव्हाच संपलाय. ते पाण्यावरूनच धावत गेलं, टोकाच्या खडकाला वळसा घालून दिसेनासं झालं, आणि मग आवाज थांबला.

तो थांबलेला आवाज मी लहानपणी फार वेळा ऐकलाय, तूही ऐकलायस. आई हातातलं काम ठेवून दारात यायची. मी हलिनाची होडी काढली. वल्ही होती, मोटर होती, काय वापरलं मला आठवत नाही. खडक ओलांडला तर विमान वाळूच्या पट्ट्यावर नाक वर करून निवांत बसलेलं, आणि फ्लोटवर ओळीने तिघं, पाय पाण्यात सोडून, मावशीने आणलेली तव्यावरची जाड बॅनक भाकरी आणि धुरावलेला मासा खात. एन्सलीच्या डोक्यावर टोपी नव्हती. चेहरा डासांनी फणसासारखा करून टाकला होता (तू विचारशील फणस म्हणजे काय, हलिनाकडे एक परदेशी फळांचं कॅलेंडर आहे) आणि इतका सुखी माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तिथेच त्याने मला सांगितलं, की विमान इथेच राहील असं तो कळवणार आहे, टांगायचं नाही, पाण्यावर, कातड्यासकट; फक्त फलक बदला आणि त्यावर शिवणाऱ्या बाईचं नाव घाला. हलिनाने तो त्याच आठवड्यात बदलला. गायही घातली. गाय जरा मोठी झालीय.

संध्याकाळी मी बटाटे सोलत होते तेव्हा बाबा येऊन बसले. म्हणाले, "नेटी, वाळू मला दिसली होती. वळायचं पेडल दाब म्हणून डाव्या पायाला सांगितलं. त्याने ऐकलंच नाही." थोड्या वेळाने खिशातून किल्ली काढून त्यांनी सालींच्या शेजारी ठेवली. "आता तुमच्या संग्रहालयाकडे राहू दे." मी आईबरोबर वर्षानुवर्षं देवाला हेच मागत आले, की यांनी एकदाचं उडणं थांबवावं. आणि देवाने ऐकलं तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की बटाटे खारट झाले. बाबांनी ते मुकाट्याने संपवले.

असो. इकडची काळजी करू नये. वहिनीला नमस्कार, पोरांना गोड पापा. जिन्याचं तिला माझ्याकडून रागावून सांग.

तुझी लहान बहीण,
नेटी

ता. क. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण ज्यासाठी लिहायला बसले ते राहूनच गेलं. बाबा लग्न करतायत. फिलोमीन मावशीशी. वाळूवर ठरलं. एन्सली साक्षीला होता आणि त्याने कुणाला न सांगायची शपथ घेतली होती, ती हलिनाच्या बटाटा भरून उकडलेल्या पेरोगींपुढे टिकली नाही. बाबांनी मला विचारलं, तुझ्या आईला चाललं असतं का? मी म्हटलं, आई म्हणाली असती की आधी याचे मोजे कोण रफू करणार ते ठरवा. ते खूप हसले आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. तू रागावणार असशील तर दोन दिवस रागाव आणि मग पुढचं वाच.

आणखी एक ता. क. लग्न सप्टेंबरात, आपल्या गावच्या चर्चमध्ये. मावशी म्हणते, नवरी येईल तर विमानातूनच. बाबा चालवणार नाहीत. शब्द दिलाय तो पाळतायत. तू दर रविवारी हवाई क्लबात विमान उडवतोस त्याविषयी बाबा आजवर काय काय बोलले ते तुला पाठ आहे, म्हणून मी तुझं नाव काढलं नाही. म्हटलं, उत्तरेच्या गावातून कुणी पायलट भाड्याने आणू या. बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच वेडी. म्हणाले, "घरात वैमानिक असताना बाहेरचा कशाला?"